वांद्र्याची ओहोटी

कल्याणहून दक्षिणेकडे पाहिले की मलंगगडाचा सुळका दिसतो. तो सुळका, आगगाडीसाठी पोखरलेला पारसिकचा डोंगर, अंबरनाथच्या शिवालयाचे काळे चिरे, फार काय, आपल्या आजीचा पाटा-वरवंटासुद्धा एके काळी तापलेल्या रसाच्या रूपाने वाहत होता, असे कोणी सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही. पण ते खरे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ही भूमी भेगाळली आणि लाव्ह्याचे थरावर थर चढत गेले. तेव्हा माणूस नव्हता; त्यामुळे त्या उत्पातात कोणाच्या घरी रडारड झाली नाही.

माणसाच्या काळातला एक ज्वालामुखी मात्र ठाणे जिल्ह्याला शिवून गेला. तो शिवला तोही असा, की लोकांना तो प्रसाद वाटला!

साल 1883. वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हते. साष्टी तालुक्यातले, म्हणजे ठाणे जिल्ह्यातले गाव होते. नारळी पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. 28 ऑगस्टच्या मंगळवारी तिथे भरती नेहमीसारखी वेळेवर आली. थोड्या वेळाने मात्र पाणी एकाएकी इतक्या जोराने मागे सरले, की माशांना त्याच्याबरोबर परतायला सवड मिळाली नाही. किनारा मासळीने भरून गेला. ना जाळे, ना होडी! म्हातारे-कोतारे आणि पोरेटोरे धावली आणि चांगली मोठी, खाण्याजोगी मासळी नुसती वेचू लागली. असला चमत्कार जुन्या माणसांनीही कधी पाहिला नव्हता, असे त्या वेळच्या हकिकतीत नमूद आहे. नुकताच सागराला नारळ वाहिलेला. देव पावला असे कोणाच्या मनात आले असेल, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

कारण दूर होते, जवळजवळ तीन हजार मैलांवर. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ नावाचे बेट आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून ते धुमसत होते. आरंभी तर बटाव्ह्याची हौशी मंडळी आगबोट करून ते पाहायलाही गेली. 27 ऑगस्टच्या सकाळी दहाच्या सुमारास अखेरचा स्फोट झाला आणि बेटाचा दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला. हिंदी महासागराच्या पलीकडल्या रॉड्रिग्ज बेटावर तो आवाज चार तासांनी पोचला, तेव्हा तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला वाटले, दूर कुठे तोफा डागताहेत.

पण माणसे मारली ती मुख्यतः पाण्याने. तप्त राखेचे आणि दगडांचे लोट समुद्रात कोसळले आणि शंभर-शंभर फुटांच्या लाटा किनाऱ्यांवर चढल्या. आन्येर, मेराक ही गावे होती तिथे काही उरले नाही. तेलोक बेतोंग येथे नांगरलेली बेरोव नावाची लढाऊ नौका लाटेने उचलून दीड-दोन मैल आत रानात नेऊन टाकली. डच सरकारने मोजदाद केली, ती 36,417 मृतांची. त्यांत युरोपीय 37. बाकीचे सारे त्याच मातीतले. भात लावणारे, मासे धरणारे. त्यांच्यापुढेही समुद्र काही ठिकाणी आधी मागे हटला होता.

तीच लाट पसरत पसरत हिंदी महासागर ओलांडून आली. सिलोनच्या पूर्व किनाऱ्यावर पानमा गावी तिने एका बाईचा बळी घेतला. मुंबईस येईपर्यंत तिचा जोर ओसरला होता. अपोलो बंदरावर भरती-ओहोटी टिपणारे यंत्र होते. त्याच्या कागदावरची एरवी संथ चालणारी रेघ थरथरली. कुलाब्याच्या वेधशाळेत हवेच्या दाबाच्या नोंदीतही तो धक्का उमटला. सर्वेक्षण खात्यातल्या मेजर बेअर्ड यांनी हिंदुस्थानच्या बंदरांतले असे कागद गोळा करून त्यांवर अहवाल लिहिला. एका लाटेचा प्रवास बंदराबंदरांतून असा कागदावर उतरावा, हे त्या काळी नवलच होते. वांद्र्याला यंत्र नव्हते. तिथली नोंद मासळीने केली म्हणायची.

सप्टेंबरात मद्रासेकडे सूर्य हिरवा दिसू लागला, तो त्याच स्फोटाच्या धुळीमुळे. पुढे संध्याकाळी आकाश असे पेटे, की अमेरिकेकडे आग लागली समजून बंब धावले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आपण टाचा घासायला घेतो तसला सच्छिद्र, पाण्यावर तरंगणारा दगड त्या स्फोटातून एवढा निघाला, की त्याचे तराफेच्या तराफे महिनोन् महिने महासागरावर फिरत होते. 1884 च्या मध्यास ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला, झांजीबारकडे लागले. दगडांच्या त्या थरांत माणसांचे सांगाडे होते.