सायकल-सफर : आगरदांडा आणि रायगडचा किनारा

आगरदांडा हे रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यातले, राजपुरी खाडीच्या उत्तर काठावरचे बंदर. समोर दक्षिण काठावर श्रीवर्धन तालुक्यातले दिघी. अलिबागहून रेवदंडा, मुरुडमार्गे किनाऱ्याने निघालेल्या सायकलस्वाराची वाट इथे पाण्यापाशी थांबते आणि फेरीबोटीने पलीकडे गेल्यावर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वराकडे पुढे चालू लागते. सामान कॅरिअरवर बांधून, मोटारींच्या रेट्यापासून दूर, गावागावांतून रमतगमत सायकल चालवावी असे मार्ग महाराष्ट्रात आता थोडेच उरले आहेत. त्यांत आगरदांड्याच्या दोन्ही बाजूंचा हा पट्टा फार वरचा मानावा लागेल.

या पट्ट्यात वर्दळ कमी आहे ती खाड्यांमुळे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना कोकणचा किनारा जागोजाग तोडतात. रेवदंड्याला कुंडलिका, आगरदांड्याला राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. दर वीस-चाळीस किलोमीटरांवर रस्ता पाण्यात उतरतो. म्हणून मुंबई-गोवा महामार्ग किनारा सोडून आतून, माणगाव-महाड-खेड-चिपळूणवरून गेला. (जुना क्रमांक १७, आताचा ६६.) लांबचे ट्रक, आरामबस, घाईची माणसे सगळी तिकडे. किनाऱ्याच्या रस्त्याला राहिली ती एस.टी., गावातल्या दुचाक्या, मासळीचे टेम्पो आणि सुट्टीला आलेले पाहुणे. ज्या खाड्यांनी कोकणवासीयांना पिढ्यान्‌पिढ्या अडवून धरले, त्यांनीच सायकलस्वाराला मोकळा रस्ता राखून ठेवला. यातली पहिली बाजू विसरून दुसरीचे कौतुक करणे बरे नव्हे. रात्री-अपरात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचे तर खाडी काय असते, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे.

मुंबईकडून येणाऱ्याला या मार्गाला लागायला महामार्गाची गरज पडत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते. भाऊच्या धक्क्यावरूनच मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट सुरू झाली असून तीत मोटारींबरोबर सायकलीही घेतात. मांडव्यापासून अलिबागपर्यंतचा रस्ता शनिवार-रविवारी गजबजलेला असतो. नागाव, चौल ओलांडले की नारळ-पोफळीच्या वाड्या रस्त्यावर सावली धरू लागतात. रेवदंड्यात रस्ता पोर्तुगीज कोटाच्या तटबंदीतूनच जातो. पुढे पुलाने कुंडलिका ओलांडून साळाव आणि मग कोर्लई. इथल्या डोंगरी नाकावर पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबे घरात अजून पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. सायकल उभी करून विहिरीवर पाणी मागताना ती कानावर पडू शकते. मोटारीने भर्रकन निघून जाणाऱ्याला हा योग नाही.

कोर्लईपासून बोर्ली, काशीद, नांदगाव करत मुरुडपर्यंत समुद्र उजव्या हाताला राहतो, मधूनमधून चढ लागतो आणि डावीकडे फणसाडचे रान असते. जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांची ही राखीव शिकारीची जागा १९८६ मध्ये वन्यजीव अभयारण्य झाली. शेकरू इथे दिसतो, बिबट्याचाही वावर आहे, तेव्हा या टप्प्यात अंधारात सायकल चालवू नये. काशीदची पुळण प्रसिद्ध असल्याने नाताळ आणि लांब सुट्ट्यांत तिथपर्यंत मोटारींची रांग लागते. मुरुड सोडले की वर्दळ एकदम ओसरते. जंजिरा किल्ल्याला जाणारे राजपुरीकडे वळतात. सिद्दींच्या थडग्यांचे खोकरीचे घुमट मागे टाकून आगरदांड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बरेचदा आपल्याच चेनची कुरकुर तेवढी ऐकू येते.

धक्क्यावर फेरीची वाट पाहणे हा या सफरीचा गाभा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाहने नेणाऱ्या या सपाट बोटीला किनाऱ्यावर सर्रास ‘जंगल जेट्टी’ म्हणतात. कोकणच्या खाड्यांवर मोटारी नेणाऱ्या अशा फेऱ्यांची सुरुवात २००३ मध्ये दाभोळ-धोपावे इथे झाली आणि पुढे बाणकोट, जयगड, दिघी इथे तीच पद्धत आली. बोट टेकते तेव्हा पुढची लोखंडी फळी साखळ्यांवरून खाली येते आणि धक्क्याच्या उतारावर आपटते. आधी मोटारी उतरतात, मग दुचाक्या, मग डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. चढताना सायकलस्वाराने घाई करू नये. भरतीचे पाणी जिथपर्यंत येऊन जाते तिथपर्यंत उतारावर हिरवे शेवाळ धरलेले असते, आणि टायर त्यावरून असा निसटतो की सामानासकट माणूस आडवा होतो. सायकल हाताने धरून, मधल्या खरखरीत भागावरून चढवावी, कठड्याला टेकवावी आणि दोरीने बांधावी. दोरी जवळ नसली तर खलाशी देतो. इंजिन सुरू झाले की पायाखालचा पत्रा थरथरू लागतो. पश्चिमेला खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा तट, दक्षिणेला दिघी बंदराचे धक्के आणि मधे मच्छीमारांच्या होड्या. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडचा काठ येतो. फेरी चुकली तर पुढची येईपर्यंत थांबायचे. खाडीला वळसा घालून तळा-म्हसळ्यावरून दिघीला येणे हा सायकलवर अख्ख्या दिवसाचा मामला आहे. वेळ असेल तर मात्र तो वळसाही वाया जात नाही, कारण खाडीच्या टोकाला मांदाडजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत आणि तिथे सहसा गर्दी नसते.

खाडीचे दोन्ही काठ १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. मुरुड ही राजधानी आणि श्रीवर्धन, म्हसळा हे संस्थानचेच भाग, त्यामुळे इकडून तिकडे जाणे-येणे जुने आहे. आधी तरीच्या नावा आणि मचवे, मग लाँच आणि आता फेरीबोट असा त्याचा क्रम.

दिघीतून निघताना चढ लागतो आणि बंदराकडे जाणारे अवजड ट्रकही भेटतात. दिवेआगरकडे वळले की ते मागे राहतात. दिवेआगरात रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आत पोफळी, पाटाचे पाणी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच भागातल्या हजारो पोफळी आणि नारळ एका दुपारीत झोपवले. ज्यांनी त्याआधी हा रस्ता पाहिला आहे त्यांना सावलीतली भगदाडे ओळखू येतात. नव्याने लावलेली पोफळ फळायला काही वर्षे जातात आणि वाडी पुन्हा दाट व्हायला त्याहून अधिक. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, तेव्हा हा फटका नुसता डोळ्यांना नव्हता, पोटाला होता.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा भरडखोल-शेखाडीमार्गे जाणारा टप्पा साऱ्या मार्गात सर्वांत देखणा. एका अंगाला डोंगराचा उतार, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. भरडखोल ही कोळ्यांची वस्ती. मासळीच्या हंगामात खळ्यांवर सुकट वाळत असते आणि वास गावाच्या बऱ्याच आधी येऊन भेटतो. पुढे श्रीवर्धन, पेशवे बाळाजी विश्वनाथांचे मूळ गाव, मग हरिहरेश्वर आणि बागमांडला. तिथे पुन्हा फेरी, पलीकडे वेसवी-बाणकोट आणि रत्नागिरी जिल्हा. आगरदांडा ते हरिहरेश्वर दोन दिवसांत आरामात होते. एका दिवसातही होते, पण मग ही सफर न राहता शर्यत होते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, हवा थंड असते, म्हणून चढांचे टप्पे उन्हाआधी उरकावेत. दुपारी वारा उलटतो आणि वायव्येकडून खारा वारा सुटतो. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो तिरका पाठीशी पडतो, उलट दिशेने येणाऱ्याच्या तोंडावर बसतो. अलिबागहून श्रीवर्धनकडे जाण्यात हा साधा, पण दिवसाअखेर पायांना कळणारा फायदा आहे. पावसाळ्यात रस्ते हिरवेगार आणि रिकामे असतात, पण मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला येणारी लाँच बंद, उतार निसरडे आणि खड्डे पाण्याखाली. चढ-उतार सतत असल्याने गिअरची सायकल सोयीची. पुळणीवरून सायकल नेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. वाळू आणि खारे पाणी चेनमध्ये गेले की दुसऱ्या दिवशी ती तांबूस होते, म्हणून मुक्कामी पोचताच गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल द्यावे. पंक्चरची दुकाने मुरुड, श्रीवर्धनसारख्या गावांत मिळतात, मधल्या टप्प्यांसाठी ठिगळ, सोल्युशन आणि पंप जवळ हवाच.

लांबच्या सायकल-प्रवासाचे वेड मुंबईला जुने आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. ते साहस होते. रमतगमत सफरीची परंपरा घडली ती मुख्यतः फ्रान्समध्ये. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) यांनी सेंत-एत्येनमधून शर्यतीपेक्षा प्रवासासाठी सायकल चालवण्याचा हिरिरीने पुरस्कार केला. १९३६ मध्ये कामगारांना भरपगारी रजेचा हक्क मिळाला, तेव्हा हजारो जोडपी दुहेरी सायकलींवरून खेड्यापाड्यांत निघाली. आज तिथे कालव्याकाठच्या आणि जुन्या रेल्वेच्या वाटा मोटारींना बंद करून सायकलींना दिल्या आहेत. लुआर नदीकाठचा मार्ग सुमारे ९०० किलोमीटरांचा आहे. अटलांटिक किनाऱ्याने जाणारा ‘व्हेलोडिसी’ मार्ग तर जिरोंद खाडीच्या मुखाशी रुआयाँ इथे थेट आगरदांड्यासारखा फेरीबोटीत चढतो. फरक एवढाच की तिथली शांतता ठरवून, खर्च करून राखलेली आहे आणि आपली आपोआप राहून गेलेली.

ती पुढेही आपोआप राहील असे दिसत नाही. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळात पुढे आलेल्या रेवस-रेड्डी सागरी मार्गाला आता वेग आला आहे. सुमारे ५०० किलोमीटरांच्या या मार्गावरचे मोठे पूल महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले असून त्यांत आगरदांडा-दिघी पूलही आहे. पूल व्हावा, ही इथल्या माणसांची रास्त मागणी आहे आणि चार दिवसांच्या पाहुण्याने तिच्या आड येऊ नये. पण पुलावर कडेने पादचारी व सायकलींची वेगळी पट्टी ठेवणे, शेखाडीसारखा अरुंद किनारी रस्ता रुंद न करता वाहने आतल्या रस्त्याने वळवणे, फेरी निदान हंगामात चालू ठेवणे हे आराखड्याच्या वेळीच ठरवावे लागते. नंतर ठिगळे लावून ते साधत नाही. यात गावांचेही हित आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर इथली ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ मुक्कामाला राहणाऱ्यांवर चालते. मोटारीने येणारा दुपारी येऊन संध्याकाळी परत फिरू शकतो, सायकलवाल्याला मुक्काम करावाच लागतो.

अशी सोय करणाऱ्या घरांत जेवण आधी सांगून ठेवावे लागते. दुपारच्या जेवणासाठी सकाळी, रात्रीच्यासाठी दुपारी कळवले की ताजी मासळी किंवा शाकाहारी ताट, सोलकढी आणि आग्रहाने सांगितलेले असले तर उकडीचे मोदकही मिळतात. परतीसाठी कोकण रेल्वेवरचे माणगाव हे सोयीचे स्थानक. श्रीवर्धनहून म्हसळ्यामार्गे तिथे जाणारा रस्ता डोंगराळ असून अर्धा दिवस घेतो. गाडीला सामानाचा डबा असला तर स्थानकावर वजन करून, पावती फाडून सायकल त्यात चढवता येते.