पाठ टेकली की हरलो? पडण्याच्या शिकवणीचा इतिहास

आजचा एपिसोड पडण्याबद्दल आहे.

जळगावात रविवारी सकाळी मी मुलांना ज्युदो शिकवतो. आठवडाभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे क्लासचा प्लॅनसुद्धा एक्सेलमध्ये: १० मिनिटं वॉर्मअप, ५ मिनिटं पडण्याचा सराव, २५ मिनिटं डाव, शेवटी २० मिनिटं झुंज. कागदावर एकदम भारी.

मग चाळीसगावकडचा एक पठ्ठ्या आला. वय तेरा, लाल मातीत तयार झालेला. कुणी फेकला की हा हवेतच पोटावर वळायचा आणि हात खाली टेकायचा. तिसऱ्या वेळी मनगट मुरगळलं. बर्फ लावता लावता मी विचारलं, "अरे, पाठीवर का पडत नाहीस?" तो म्हणाला, "सर, पाठ लागनी म्हंजे मी हारनू ना!"

पोराचं बरोबर होतं. चूक माझ्या शीटमध्ये होती.

आपल्या कुस्तीचा नियम काय? चितपट. पाठ मातीला लागली की खेळ संपला. धुळे-जळगावच्या गावोगावच्या यात्रांमध्ये पोरं लहानपणापासून हेच बघतात. शिवाय हौद्यातली माती खणून भुसभुशीत केलेली, त्यात तेल, ताक, हळद घातलेली. ती पडणाऱ्याला सांभाळून घेते. गादी तेवढी माया करत नाही.

आता जपानला जाऊ. कानो जिगोरो तरुणपणी जुजुत्सू शिकायला गेला. एक डाव कसा करायचा, असं त्याने गुरूंना विचारलं. फुकुदा गुरूंनी समजावलं नाही, त्यालाच पुन्हा पुन्हा आपटलं. करता करता येईल, हा त्यांचा खाक्या. आपल्या जुन्या वस्तादांची आठवण झाली ना?

कानो पेशाने शिक्षक. १८८२ साली त्याने टोकियोतल्या एका देवळात कोदोकान सुरू केलं, तेव्हा जागा १२ चटयांची आणि शिष्य मोजके. त्याने शिकवण्याला क्रम लावला. १८९५ मध्ये फेकण्याच्या डावांचे पाच गट पाडले आणि १९२० मध्ये ते सुधारले: पाच गट, प्रत्येकात आठ, एकूण ४० डाव. सुरुवातीला पाय झाडून पाडण्यासारखे डाव, उंचावरून आपटणारे पुढे. म्हणजे फेकणाऱ्याइतकाच पडणाऱ्याचाही विचार. आणि या सगळ्याच्या आधी उकेमी, म्हणजे सुरक्षित पडणं.

गंमत म्हणजे, ज्युदोच्या सामन्यातही जोरात पाठीवर पडलात की इप्पोन, खेळ खलास! पण सरावात पडणं म्हणजे हार नाही, तो अभ्यासाचा अर्धा भाग. सामना आणि सराव यांतला हा फरक मी त्या मुलाला सांगितलाच नव्हता.

माती सोडून गादीवर येताना मोठ्यांनाही नव्याने शिकावं लागलं. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तयार केलं. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक! आणि आपल्या सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. ती स्पर्धा माती आणि गादी अशा दोन्ही विभागांत होते. म्हणजे मातीतलं पोर गादीवर कच्चं, असं अजिबात नाही. मधला पूल कुणीतरी बांधावा लागतो.

म्हणून मी शीट बदलली. आता पहिल्या महिन्यात पडायला २० मिनिटं. आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. हनुवटी छातीला, नजर पोटाच्या गाठीकडे, हात अंगापासून थोडा लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम थाप. झुंज महिन्यानंतर.

मनगट बरं झाल्यावर पठ्ठ्या परत आला. पहिले दोन रविवार फक्त पडला, तोंड वाकडं करून. तिसऱ्या रविवारी मी त्याला धोबीपछाड दाखवायला सांगितलं, कारण आमचा सेओइ नागे त्याचाच भाऊ. त्याने मला खांद्यावरून असं काही उचललं, की थाप मारायला मलाच उशीर झाला. अख्खा क्लास हसला. तो मात्र धावत आला आणि म्हणाला, "सर, हनुवटी!"

तुमच्या गावच्या तालमीत पडायला कसं शिकवायचे? आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!