रावेरचा अन् बऱ्हाणपूरचा आरोपी एकच, हे संगणकाला कसं कळतं?

बऱ्हाणपूर : समजा, मोटारसायकल रावेरातून चोरीला गेली आणि सापडली इच्छापूरजवळ. दोन राज्यं, दोन पोलीस दलं, कागद इकडे हिंदीत, तिकडे मराठीत. असे तुकडे एका पडद्यावर जोडणारं सॉफ्टवेअर पोलिसांना हवं असतं. महाराष्ट्राने 2024 मध्ये नागपुरात 'मार्वल' ही कंपनी पोलिसांना एआयची साधनं देण्यासाठीच काढली.

गाभा सोपा आहे. माणूस, मोबाइल, गाडी, बँक खातं हा प्रत्येकी एक ठिपका. फोन झाला, पैसे गेले, की दोन ठिपक्यांत रेघ. फोन जास्त, तर रेघ जाड. हजार ओळींच्या एक्सेलमध्ये न दिसणारा, दोन टोळ्यांना जोडणारा नंबर चित्रात चटकन दिसतो.

खरी मेहनत चित्राआधीची. नंबरापुढे कुठे 91, कुठे 0, कुठे काहीच नाही. आयएमईआय 15 आकडी, पण कॉल रेकॉर्डमध्ये शेवटचा आकडा बऱ्याचदा 0 येतो. म्हणून पहिले 14 आकडेच जुळवायचे. आणि नाव! मराठीत 'पाटील', हिंदीत 'पाटिल'. संगणकाला ही दोन माणसं. मी कॉमर्सवाला, खतावणीत एकाच व्यापाऱ्याची दोन खाती उघडली तरी तेरीज जुळते, चूक दिसतच नाही. इथेही तेच होतं. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ सोडून नाव जुळवायचं, सोबत वडिलांचं नाव, गाव, वय बघायचं आणि शेवटचा निर्णय तपास अधिकाऱ्यावर ठेवायचा.

बोटांचे ठसे जास्त भरवशाचे. 'नाफिस' प्रणालीत प्रत्येक आरोपीला देशभर चालणारा 10 आकडी क्रमांक मिळतो. एप्रिल 2022 मध्ये या प्रणालीतून मृताची ओळख पटवणारं मध्य प्रदेश पहिलं राज्य ठरलं.

नकाशावरचा ठिपका मात्र टॉवरचा असतो, माणसाचा नाही. खेड्यात एका टॉवरचा पल्ला काही किलोमीटर, आणि सीमेवरच्या शेतात मोबाइल पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो हे आपल्याला नवं नाही. शिवाय आरोपीला फोन करणारा दूधवालाही चित्रात येतो. म्हणून रेघेवर क्लिक केलं की मूळ नोंद, तारीख, वेळ उघडलीच पाहिजे. नाहीतर भलत्याच माणसाला ठाण्याच्या चकरा.

कोर्टातही नुसतं चित्र चालत नाही. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सुप्रीम कोर्टाने 14 जुलै 2020 रोजी स्पष्ट केलं, की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे.

मोबाइल कंपन्यांवर कॉलच्या नोंदी किमान 2 वर्षं ठेवण्याचं बंधन आहे, त्यामुळे तक्रारीला उशीर नको. घटना सीमेपलीकडची असली तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर होतो. नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या आणि *#06# दाबून मोबाइलचा आयएमईआय आजच वहीत टिपून ठेवा.