दुसऱ्या पट्ट्याची पारख
मर्यादित आवृत्तीचा हवाना सिगार कसा जोखला जातो?

हवाना सिगारच्या अंगावर कागदाचा एक पट्टा असतो. काही मोजक्या सिगारांवर दोन असतात, आणि या दुसऱ्या पट्ट्यापायी ग्राहक बरीच जादा किंमत मोजतो. काळ्या-सोनेरी रंगाच्या या पट्ट्यावर ‘एदिसिओन लिमितादा’, म्हणजे मर्यादित आवृत्ती, अशी अक्षरे व सहसा वर्षही छापलेले असते. क्यूबाचे सिगार जगभर विकणाऱ्या ‘हाबानोस’ कंपनीने ही प्रथा २००० साली सुरू केली. वर्षाकाठी साधारणतः तीन नामांकित नाममुद्रांचा एकेक सिगार या मालिकेत निघतो. त्याचा आकार त्या नाममुद्रेच्या नेहमीच्या यादीत नसतो आणि साठा संपला की तो सहसा पुन्हा निघत नाही. ‘सहसा’ म्हणण्याचे कारण असे, की कोहिबाचा निमुळत्या टोकाचा ‘पिरामिदेस’ २००१मध्ये या मालिकेत आला होता आणि २००६मध्ये तो पुन्हा आला. मर्यादेलाही मर्यादा असते, एवढेच त्यावरून समजावे.

दुसरा पट्टा खरोखर कशाची ग्वाही देतो, हे आधी पाहिले पाहिजे. सिगारमध्ये तंबाखूच्या पानाखेरीज दुसरे काही नसते. आत भरण्याची पाने, त्यांना बांधून ठेवणारे पान आणि सर्वांत बाहेरचे वेष्टन असे त्याचे तीन भाग होत. वेष्टनाचे पान उंची कापडाच्या मांडवाखाली, सावलीत वाढवलेल्या रोपांचे असते. क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातला वुएल्ता आबाहो हा भाग त्यासाठी विख्यात आहे. मर्यादित आवृत्तीसाठी याच रोपांच्या वरच्या भागातील पाने निवडतात. ती अधिक जाड, गडद व तेलकट असल्याने त्यांना मुरण्यास वेळ लागतो. म्हणून हे वेष्टन किमान दोन वर्षे मुरवण्याचा नियम करण्यात आला. २००७पासून तो आतल्या पानांनाही लागू झाला. ग्वाही आहे ती इतकीच. पान जुने आहे, असे पट्टा सांगतो. सिगार चांगला आहे, असे तो सांगत नाही.

हा फरक महत्त्वाचा ठरतो तो सिगार हाताने वळला जातो म्हणून. वळणारा कारागीर आतली पाने मुठीत जुळवताना त्यांत हवेला वाट ठेवतो. एखादे पान पिळले गेले वा भरणी जास्त झाली, तर वाट बुजते आणि कितीही मुरलेली तंबाखू असली तरी धूर येत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस क्यूबाने उत्पादन झपाट्याने वाढवले, तेव्हा घट्ट ओढीच्या सिगारांबद्दल जगभरातून तक्रारी आल्या. पुढे कारखान्यांमध्ये ओढ मोजणारी यंत्रे बसवण्यात आली. तरीही एकाच पेटीतले दोन सिगार तंतोतंत सारखे नसतात. एका सिगारवरून साऱ्या आवृत्तीचा निवाडा करणारा परीक्षक म्हणूनच भरवशाचा नव्हे.

परीक्षण सुरू होते ते डोळ्यांनी व बोटांनी. वेष्टनाचा रंग एकसारखा आहे का, शिरा जाड दिसतात का, पानावर तेलाची मंद झळाळी आहे का, हे पाहिले जाते. मग सिगार बोटांत हलकेच दाबून कुठे पोकळ वा टणक भाग लागतो का, याचा अंदाज घेतात. टोक कापल्यावर न पेटवताच एकदा ओढून पाहतात. या कोरड्या ओढीत अडथळा जाणवला, तर पुढचे बरेचसे भविष्य तिथेच कळते. पेटवण्यासाठी गॅसचा लायटर, लांब काडी किंवा देवदाराची पातळ चिपटी वापरतात. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो.

त्यानंतर साधारण मिनिटाला एक झुरका, अशी संथ गती ठेवावी लागते. घाई केली की सिगार तापतो आणि चव कडवट होते. धूर तोंडात घोळवून सोडायचा असतो, छातीत घ्यायचा नसतो. छातीत न घेतल्याने धोका टळतो, हा समज मात्र चुकीचा आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. किंमत चढी असली म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही.

परीक्षक सिगारचे तीन भाग कल्पून प्रत्येकाची नोंद वेगळी करतात. पहिल्या भागात बहुधा लाकूड, वाळलेले गवत, किंचित गोडवा जाणवतो. मध्यात कॉफी, कोको, चामडे असे गंध उमटतात. शेवटी मिरीचा तिखटपणा व जडपणा वाढतो. चव आणि कडकपणा या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवाव्या लागतात. कडकपणा येतो तो मुख्यतः ‘लिगेरो’ या वरच्या, सावकाश जळणाऱ्या पानामुळे. गडद वेष्टन दिसले की सिगार कडक असणार, असे मानण्याची चूक जाणकारही करतात. जळण्याची कडा सरळ आहे का, राख घट्ट धरते का, सिगार पुन्हापुन्हा विझतो का, हेही नोंदवले जाते.

१९९२मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील ‘सिगार अफिशिओनाडो’ या नियतकालिकाने शंभर गुणांची पद्धत रूढ केली. तिच्यात रूप व बांधणी, चव, ओढ व ज्वलन आणि एकूण प्रभाव असे निकष असतात. ९५च्या पुढचा सिगार श्रेष्ठ, ९० ते ९४ उत्कृष्ट गणला जातो. गुणांपेक्षा मोलाची आहे ती तेथील एक अट. मूळ पट्टे काढून क्रमांकाचे कोरे पट्टे लावल्यानंतरच सिगार परीक्षकांच्या हाती पडतात. मर्यादित आवृत्तीच्या बाबतीत ही अट पाळणे सर्वांत अवघड, कारण आकारच नेहमीचा नसतो. कोहिबाचा २००४चा ‘सुब्लिमेस’ १६४ मिलिमीटर लांब व सुमारे २१ मिलिमीटर जाड होता. त्या काळी पट्टा काढल्यानेही त्याची ओळख लपणे कठीण होते. २००६मध्ये कोहिबाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या ‘बेहिके’चे तर अवघे ४,००० सिगार होते, चाळीस-चाळीसच्या शंभर पेट्या. प्रत्येक परीक्षणागणिक साठाच घटत असताना गुण द्यायला दहा-वीस सिगार कोण जाळणार?

किमतीचा दाब त्यात भर घालतो. २०२२मध्ये कोहिबा व त्रिनिदाद या नाममुद्रांचे दर जगभर समान पातळीवर आणताना ते अनेक बाजारांत भरमसाट वाढले. महागड्या सिगारचा पहिला झुरका घेताना तो वाईट आहे, असे म्हणणे जिभेला जड जाते.

उरतो काळाचा प्रश्न. नव्याने वळलेल्या सिगारला काही काळ अमोनियाचा उग्र दर्प येऊ शकतो. ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत व १६ ते १८ अंश तापमानात ठेवल्यास तो ओसरतो आणि चवी एकजीव होतात. म्हणून बाजारात येताच केलेले परीक्षण आणि पाच वर्षांनी केलेले परीक्षण यांचे निकाल जुळतीलच असे नाही. अनुभवी संग्राहक पेटीच्या तळाशी उमटवलेला कारखान्याचा संकेत व महिना-वर्ष टिपून ठेवतात, तीन-चार सिगार लगेच ओढतात आणि पेटीचे झाकण लावतात. पुढची नोंद त्याच वहीत, त्याच शिक्क्याखाली, दोन-तीन वर्षांनी होते.