मैदान आणि मास्तर

शाळेचा इतिहास लिहिताना आपण इमारतीची पायाभरणी, वर्गखोल्या आणि निकालाची टक्केवारी आवर्जून नोंदवतो. मैदानाचा उल्लेख मात्र बहुधा राहून जातो. वास्तविक फुटबॉलचा खेळ वाढला तो शाळांच्या मैदानांवरच. इंग्लंडमध्ये एकेका शाळेचे नियम निराळे होते. १८६३ साली लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा कुठे समान नियम ठरू लागले. पुढे गोऱ्या पलटणींबरोबर हा खेळ आपल्याकडे रुजला. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड आणि १८९१ मध्ये मुंबईला रोव्हर्स चषकाच्या स्पर्धा सुरू झाल्या.

आपला नांदेड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे हैदराबादच्या फुटबॉलचा इतिहास आपल्यालाही परका नाही. तेथील फतेह मैदान प्रसिद्ध आहे. १६८७ साली गोवळकोंडा जिंकणाऱ्या मोगल फौजेचा तळ तेथे पडला होता, असे सांगतात. लष्कराच्या तळाचे खेळाचे मैदान झाले आणि आज तेथे लाल बहादूर शास्त्रींच्या नावाचे स्टेडियम उभे आहे.

परंतु नुसत्या जागेने खेळाडू घडत नाहीत. हैदराबादला ते घडवले एका शाळामास्तराने. सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. शिक्षकाचा पेशा पत्करून त्यांनी फुटबॉलही शिकवला. दुबळ्या पायाने चेंडू मारता यावा म्हणून ते मुलांच्या खास स्पर्धा घेत. सिकंदराबादकडच्या गरीब घरातील तुलसीदास बलराम या मुलाला सरावाला येता यावे, म्हणून त्यांनी त्याच्या सायकलभाड्याची सोय केली. पुढे तोच मुलगा ऑलिंपिकमध्ये खेळला.

रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्या स्पर्धेत आपण चौथे आलो. १९६२ मध्ये जाकार्ताला दक्षिण कोरियावर २-१ अशी मात करून सुवर्णपदक मिळवले. पुढल्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ हा चित्रपट आला, तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

पालक बंधुभगिनींनो, मुलगा मैदानावर गेला की वाया गेला, असे समजू नका. वेळेवर येणे, सोबत्याला चेंडू देणे आणि हार पचवणे हे धडे फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. शाळेला खोल्या कमी पडल्या की आपली नजर प्रथम मैदानाकडे वळते. खोली एखाद्या मजल्यावर वाढवता येते. गेलेले मैदान परत मिळत नाही. विद्यार्थी मित्रांनो, पुस्तक आणि चेंडू यांचे वैर नाही. ते असते, तर हिंदुस्थानचा सर्वांत मोठा फुटबॉल प्रशिक्षक शाळेच्या वर्गातून निघालाच नसता.