शाळेचे दप्तर : जनरल रजिस्टर ते अपार



दर 1 जूनला आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शुभेच्छांचा पाऊस पडतो. निम्म्याहून अधिक जणांचा वाढदिवस त्याच दिवशी. नातवंडे विचारतात, "आजोबा, तुम्ही सगळे एकाच दिवशी कसे जन्मलात?" जन्मलो नव्हतो. आई सांगायची, "दिवाळीच्या पुढं-मागं झाला," आणि हेडगुरुजी बोटांवर हिशेब करून, शाळा सुरू होताना मूल वयात बसावे म्हणून, 1 जून लिहून टाकायचे. त्या एका ओळीवर आपली नोकरी लागली आणि त्याच ओळीवर मी 31 मे 2025 ला 58 पूर्ण करून प्राथमिक शिक्षक म्हणून सेवानिवृत्त झालो.

ही ओळ ज्यात लिहिली गेली ते जनरल रजिस्टर. स्मरणिकेसाठी काही लिहा असा आग्रह झाला, तेव्हा खेळ, सहल, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच असा विचार केला. 37 वर्षे मी शाळेचे दप्तर सांभाळले. त्या दप्तराचाच इतिहास थोडक्यात सांगतो. त्यात माझा एक कबुलीजबाबही आहे.

जनरल रजिस्टरात मुलाचे पूर्ण नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, दाखल दिनांक, शाळा सोडल्याचे कारण आणि शेरा हे रकाने असतात. हजेरीपट, पत्रके, पावत्या ठरावीक वर्षांनी निकाली काढता येतात. जनरल रजिस्टर मात्र कायम जतन करायचे असते. का, ते साताऱ्यात कळते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात 1914 या क्रमांकावर नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. त्या तारखेला महाराष्ट्र शासनाने 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून मान दिला. नोंद करणाऱ्याने त्या दिवशी रोजच्यासारखीच आणखी एक ओळ लिहिली असेल.

अशा ओळींवर सामान्यांचीही आयुष्ये ठरली. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 1950, विमुक्त-भटक्या जमातींना 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. पुष्कळांकडे तो आजोबांच्या शाळेच्या दाखल्यातच सापडतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी लिपीतली जुनी रजिस्टरे गावोगावी कपाटाबाहेर आली. मुलासाठी लिहिलेली नोंद शंभर वर्षांनी त्याच्या पणतवंडाच्या कामी आली.

दप्तराची दुसरी बाजू म्हणजे वर पाठवायची माहिती. तीही जुनीच. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती, म्हणजे कागदावरचा आकडा आणि पैसा यांची गाठ तेव्हाच पडली. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ती अमलात आणली आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. सक्ती करायची तर गावात शाळेच्या वयाची मुले किती आणि त्यांतली शाळेत किती, हे लिहावेच लागते. त्या यादीचा हेतू बाहेर राहिलेले मूल शोधणे हा होता. हे लक्षात ठेवू या, कारण पुढे तेच निसटत गेले.

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. आपण शिकलो तेव्हाचे दप्तर आठवते का? महिनाअखेरीला गुरुजी आपल्याला गणिते घालून हजेरीची बेरीज करत बसायचे. पट, सरासरी उपस्थिती, मुले, मुली अशी मासिक पत्रकाची दोन पाने भरली की काम झाले. साहेब तपासणीला आले की आधी हजेरीपट मागवायचे आणि मग वर्गातली डोकी मोजायचे. त्या दिवशी आपल्याला पाढे म्हणायला उभे केले जायचे ते निराळेच.

मी 1988 मध्ये शिक्षक झालो आणि आकड्यांना हळूहळू वजन येत गेले. 1992 पासून दुर्बल घटकांतील मुलींना दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. 15 ऑगस्ट 1995 ला पोषण आहाराची योजना आली. सुरुवातीला शिजवलेले अन्न नव्हते, 80 टक्के हजेरी भरली की महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळायचा. योजना चांगलीच होती. तांदळासाठी का होईना, मुले वर्गात आली.

इथे माझा कबुलीजबाब. तिसरीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव लिहीत नाही. आई मजुरीला जायची आणि धाकट्या भावाला ही सांभाळायची. तिची हजेरी 80 टक्के भरेना. तांदळाची गरज मात्र वर्गात सर्वांत जास्त तिलाच होती. मी तिच्या नावापुढे हजेरी मांडली. एक महिना, दोन महिने, मग सवयच झाली. मला वाटायचे, पुण्याचे काम करतोय. पण झाले असे की पत्रकात ती हजर असल्यामुळे ती येत नाही हे कोणाला दिसेना. केंद्रप्रमुखांनी विचारले नाही आणि मुख्याध्यापकांनीही नाही. आधी मी आठवड्याला तिच्या घरी जायचो, तेही थांबले. वर्ष संपता संपता ती शाळेतून गेलीच, आणि जनरल रजिस्टरात मी माझ्या हाताने लिहिले, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.'

माझ्या वर्गात मायेपोटी झाले, ते राज्यात इतरत्र पदांपोटी आणि अनुदानापोटी झाले. पटावर शिक्षकांची पदे ठरतात, त्याला आपण संचमान्यता म्हणतो. 30 सप्टेंबरचा पट धरायचा. 1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरले. पट घटला तर एखादा सहकारी अतिरिक्त ठरतो, त्याची कुठे तरी बदली होते. मग कागदावरची मुले वाढतात. आधी नांदेड जिल्ह्यातल्या तपासणीत हे उघड झाले आणि 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी झाली. महसूल आणि इतर खात्यांतले कर्मचारी वर्गात आले, मुले मोजली आणि तेच मूल दुसऱ्या शाळेत दाखवले जाऊ नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावली. माझ्या वर्गातली पोरे खुशीत होती, "गुरुजी, आम्ही मत दिलं!" मला मात्र मान वर करवली नाही. राज्यात लाखो मुले केवळ कागदावर निघाली.

अविश्वासातून पुढचे दप्तर जन्माला आले. पूर्वी डायसच्या अर्जात इयत्तावार आकडे, खोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी अशी शाळेची माहिती असायची. 2012-13 पासून पहिली ते बारावीचा एकच यू-डायस झाला. प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक, त्यात आपल्या राज्याचे पहिले दोन अंक 27. 2015 मध्ये महाराष्ट्राने 'सरल' आणले आणि आकड्याच्या जागी एकेका मुलाची नोंद मागितली. देशपातळीवर यू-डायस प्लसमध्ये ही मुलागणिक नोंद 2022-23 पासून आली. मग आधारची जोडणी आणि आता 12 अंकी 'अपार' क्रमांक.

यात फायदा नाही असे म्हणणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल दुसऱ्या जिल्ह्यात दाखल झाले तर त्याची नोंद त्याच्या मागोमाग जाऊ शकते. दोन शाळांत एकच मूल दाखवणे अवघड झाले. पण किंमतही आहे. आमच्या वाडीवर रेंज नव्हती. माहिती भरायला मी तालुक्याच्या गावी संगणकाच्या दुकानात रात्री 11 पर्यंत बसलेलो आहे, आणि सकाळी वर्गावर डोळे चुरचुरत उभा राहिलो आहे. रजिस्टरात 'सोनू' आणि आधारवर 'सोनाली' असले की मूल समोर बसलेले असूनही पटात धरले जाईना. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 सांगते. रकाने भरणे हे शैक्षणिक काम की अशैक्षणिक, याचा वाद आमच्या शिक्षकखोलीत कधी मिटला नाही.

बदल्या होत होत 2019 मध्ये मी त्याच जुन्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून गेलो. जूनमध्ये एक बाई मुलीला पहिलीत घालायला आली. मी ओळखले नाही, तिने ओळखले. मुलीचा प्रवेश झाल्यावर म्हणाली, "गुरुजी, माझाबी दाखला मिळंल का? आधारवरची तारीख चुकलीया. माझं नाव आहे का अजून ह्या बुकात?"

रजिस्टर उघडले. पान सापडले. "आहे गं, हे बघ," म्हणून तिच्यापुढे सरकवले. तिने बोट ठेवून स्वतःचे नाव सावकाश वाचले. शेजारच्या रकान्यातला माझा शेरा तिने वाचला की नाही, मला ठाऊक नाही. ती काही बोलली नाही. दाखला लिहिताना माझाच हात कापला. त्या महिन्यांचे हजेरीपट कधीच निकाली निघाले होते. माझ्या खोट्याचा पुरावा दप्तरात कुठेही उरला नव्हता, आणि खरी असलेली एकच ओळ तिच्या कामी येत होती. त्या वर्षी तिच्या मुलीच्या हजेरीत मी एकही खोटी खूण होऊ दिली नाही. ती दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी जायचो.

रकाना कागदाचा असो की पडद्यावरचा, त्यातली गैरहजेरी ही आपल्याला दिलेली हाक असते, एवढेच मी या नोकरीत शिकलो. ती पुसली तर मूल हरवते, आणि नुसती वर कळवली तरी हरवते. कोणीतरी उठून घरी जावे लागते. आपले गुरुजी सायकलवरून जायचे, आठवते ना?

शेवटी एक विनंती. आपल्या शाळेची जुनी रजिस्टरे मी मागच्या महिन्यात पाहून आलो. पाने सुटली आहेत, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. मेळाव्याच्या निधीतून शिल्लक राहील त्यातून त्यांची बांधणी आणि स्कॅनिंग करून शाळेला द्यावे, असे मी सुचवतो. त्यात आपले सगळ्यांचे खोटे वाढदिवस आहेत. पण नावे खरी आहेत.