प्रा. रामकृष्ण मोरे आणि पहिलीचे इंग्रजी

खासदाराची कारकीर्द लोक रस्त्यांवर व पुलांवर मोजतात. आपल्या भागातील प्रा. रामकृष्ण मोरे यांची कारकीर्द मात्र पहिलीच्या पाटीवर मोजावी लागते.

त्या वेळच्या खेड लोकसभा मतदारसंघातून ते १९८० व १९८४ साली काँग्रेसतर्फे निवडून आले. पुढे विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते शालेय शिक्षणमंत्री झाले आणि २००० सालापासून राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तोवर मराठी शाळेतील मूल पाचवीत पहिले इंग्रजी अक्षर गिरवीत असे. ऐपतदारांची मुले मात्र बालवर्गातच ते शिकत.

मातृभाषेवर आघात होईल, चिमुकल्यांवर ओझे पडेल, शिक्षक तयार नाहीत, असे आक्षेप त्या वेळी घेतले गेले. शेवटच्या आक्षेपात पुष्कळ तथ्य होते. तरीही निर्णय टिकला. उर्दू शाळेतील गरीब मुलालाही तो लाभला, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट.

२००३ साली प्रा. मोरे निवर्तले. चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक वर्गात आहे, आणि ते अद्याप अपुरे आहे. पिंपरी ते चाकण कारखान्यांची रांग आहे. तेथे इंग्रजी वाचता न येणारा मुलगा मागे पडतो.

पालकहो, सरकारने दार उघडले, उंबरठा आपणच ओलांडायचा आहे. रोज संध्याकाळी मुलामुलींची वही उघडून पाहा. आणि इंग्रजीसाठी घरची भाषा मात्र सोडू नका.